अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तक वाचून देताना: सहा हजारांत माइक शोधण्याच्या नोंदी

२ मार्च २०२५

एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा आहे, जन्मापासून अंध. त्याला अर्थशास्त्राचं एक मराठी संदर्भपुस्तक हवंय आणि ते ऑडिओत कुठे मिळत नाही. पीडीएफ आहे, पण युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधली. फोनमधला टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) ती वाचायला लागला की नुसती निरर्थक अक्षरं ऐकू येतात. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करून पाहिलं. गद्य बऱ्यापैकी निघालं, तक्ते पार विस्कटले. अर्थशास्त्रात आकडेच चुकले तर बाकीच्याचा उपयोग काय? म्हणून मी वाचून द्यायचं ठरवलं. ४१२ पानं, १४ प्रकरणं. (२०१२ सालच्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तीला शिक्षणासाठी अशी प्रत करून देता येते. हे काम करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांना ते माहीत नसतं, म्हणून सांगते.)

घर डोंबिवलीत, दुसरा मजला, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. माइकसाठी ठरवलेले पैसे ६,०००.

आज फोनवर त्याला विचारलं की तू ऐकतोस कसं. पावणेदोनच्या वेगाने, म्हणाला. लोकलमध्ये, एकाच कानात इअरफोन लावून. दुसरा कान मोकळा ठेवावा लागतो, स्टेशनची घोषणा ऐकायला. माइकची तुलना करणारे जितके व्हिडिओ मी पाहिले, त्यात सगळे ‘भारदस्त आवाज’, ‘रेडिओसारखा आवाज’ यावरच बोलत होते. मला तो निकष लावून चालणार नाही. पावणेदोनच्या वेगाने, गाडीच्या खडखडाटात, एका कानाने ‘सात’ आणि ‘साठ’ वेगळे कळले पाहिजेत.

४ मार्च

माइक न घेता फोनवरच वाचून पाहिलं, १० मिनिटं. फोन टेबलावर, मी खुर्चीत. त्याचं उत्तर आलं: “मावशी, तुम्ही बाथरूममधून बोलताय असं वाटतं.” खोलीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेचं कपाट. आवाज भिंतींवर आपटून परत येतोय.

चाचणीसाठी एक उतारा तयार केला. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत. ‘चार रुपये’मधला वेगळा आणि ‘चाल’मधला, दातांजवळचा, वेगळा. हा दुसरा ‘च’ खराब ध्वनिमुद्रणात सरळ ‘स’ होतो. चाल-साल, वाच-वास, पाच-पास. शिवाय सात-साठ. अशा जोड्या आणि २० आकडे एका पानात गुंफले. प्रत्येक माइकवर हेच पान वाचायचं, शब्दांचा क्रम तेवढा बदलायचा, आणि फाइलला फक्त क्रमांक द्यायचा. तो पावणेदोनच्या वेगाने ऐकून त्याला काय कळलं ते मला सांगणार. कोणत्या फाइलला कोणता माइक, हे त्याला सांगायचं नाही.

८ मार्च

आज ५२ मिनिटं वाया गेली.

बोयाचा बीवाय-एम१ घेतला, कॉलरला लावायचा, ८५० रुपये. वायर सहा मीटर लांब आहे. माझ्या फोनला ईपी जॅकच (साध्या हेडफोनचं गोल भोक) नाही, म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून टाइप-सी कन्व्हर्टर घेतला, १५० रुपये. लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं, पहिलं प्रकरण वाचून संपवलं. ऐकते तर तेच बाथरूम. सगळं वाचन फोनच्या आतल्याच माइकवर झालं होतं. कॉलरचा माइक फोनने ओळखलाच नव्हता.

स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नुसत्या तारा असतात. बऱ्याच फोनना आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, कारण ॲनालॉग आवाजाचं डिजिटल करणारं कुणीतरी मधे हवं. तो ५५० रुपयांना मिळाला. दुकानदाराने १५० परत दिले नाहीत.

आता सवय लावून घेतली आहे: रेकॉर्डिंग सुरू करायचं, माइकवर नखाने हलकेच खरवडायचं, थांबवून ऐकायचं. खरखर जोरात आली तर माइक चालू आहे. तीच खरखर लांबून आली तर आवाज दुसरीकडूनच जातोय. दहा सेकंद लागतात.

११ मार्च

बोयावर चाचणीचं पान पाठवलं. त्याला २० पैकी १८ आकडे बरोबर कळले. फोनच्या वेळी १३ होते. ८५० रुपयांत एवढा फरक पडला, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. माइक हनुवटीपासून वीतभर खाली आला, सगळी किमया त्या अंतराची.

अडचण अशी की हा माइक सगळ्या दिशांनी ऐकतो. पदर हलला की फरफर, पान उलटलं की चर्रर्र, आणि मागून सासूबाईंच्या कुकरच्या शिट्ट्या. तो म्हणाला, “आवाज स्वच्छ आहे मावशी, पण मागे तुमचं सगळं घर ऐकू येतं.” एका प्रकरणापुरतं चाललं असतं. १४ प्रकरणं हे ऐकत अभ्यास करायचा तर डोकं दुखेल.

ज्यांच्याकडे हजारच रुपये आहेत त्यांनी मात्र हाच घ्यावा. सुती कपडा घालायचा आणि वायरीचा एक वेढा चिमट्यात अडकवायचा, म्हणजे वायरीचा धक्का माइकपर्यंत पोचत नाही. बाजूला सरकणारी खटकी आहे, ती फोनसाठी एकीकडे आणि कॅमेऱ्यासाठी दुसरीकडे. आतला एलआर४४ सेल कॅमेऱ्याच्या वेळी लागतो.

१५ मार्च

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार. अख्खा दिवस गेला आणि चुकीची वस्तू घेऊन घरी आले.

सोनेरी जाळीचा मोठा कंडेन्सर माइक (वीज लागणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा), सोबत स्टँड, स्पंजची टोपी आणि वायर, सगळं १,३०० रुपयांत. “स्टुडिओवाला आहे, थेट लॅपटॉपला लावा,” असं सांगितलं. थेट लावला. कुणी भिंतीपलीकडून बोलतंय इतका बारीक आवाज. आवाज वाढवला तर त्यासोबत सूंऽऽ सुद्धा वाढलं.

रात्री वाचत बसले तेव्हा कारण कळलं. या प्रकारच्या माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागतो. लॅपटॉपच्या जॅकमधून जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर तो जिवंत राहतो, पण उपाशी. फँटमची वेगळी डबी घ्यायची तर आणखी हजारावर खर्च, आणि पुढे लॅपटॉपच्या जॅकचा स्वतःचा सूं आवाज राहतोच. इथे थांबले. स्टँड तेवढा ठेवला. खोक्यावर ‘४८ व्ही’ लिहिलेलं दिसलं तर सोबत इंटरफेस (माइकला वीज देऊन त्याचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी पेटी) घ्यावा लागणार हे धरूनच किंमत लावा.

२२ मार्च

यूएसबी कंडेन्सर, २,८०० रुपये. नाव देत नाही, कारण माइकात काही खोट नव्हती, खोट माझ्या खोलीची. लॅपटॉपला लावला की लगेच चालू, वेगळं काही लागत नाही. हेडफोनमध्ये माझाच आवाज ऐकला आणि मन भरून आलं. इतका बारकावा मी माझ्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

मग बाकीचंही ऐकू आलं. गॅलरीतली कबुतरं. वरच्या मजल्यावरचं खुर्ची सरकवणं. लॅपटॉपचा पंखा. दर काही मिनिटांनी जाणारी लोकल, आणि ती येण्याआधी रुळांतून येणारी सळसळसुद्धा. रात्री लोकल बंद असतात त्या मधल्या दोन-तीन तासांत वाचून पाहिलं. मालगाडी गेलीच. दोन रात्री जागले, तिसऱ्या दिवशी घसा बसला.

२६ मार्च

मागचा आवाज ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ लावून काढता येतो असं वाचलं होतं. लावलं. पहिल्यांदा १२ डेसिबल, मग हाव सुटली, २४ केलं. मागचा आवाज गेला, शांतता झाली. मी खूश होऊन फाइल पाठवली.

त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवते: “मावशी, तुम्ही ‘वाच’ म्हणालात की ‘वास’? पाच टक्के की पास? आधीचा कुकरवाला बरा होता.” २० पैकी १४.

ती फाइल मग मी स्वतः पावणेदोनच्या वेगाने ऐकली. नेहमीच्या वेगाने काही खटकत नव्हतं. वेग वाढवल्यावर प्रत्येक ‘स’ पाण्यात बुडबुडे यावेत तसा ऐकू येत होता आणि दातांजवळचा ‘च’ कुठे उरलाच नव्हता. ‘स’, ‘च’, ‘झ’ हे मुळात सूं आवाजासारखेच असतात. सॉफ्टवेअर गोंगाट कापतं तेव्हा त्यांच्यातलाही तुकडा कापला जातो. इथून पुढे नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या वर नेणार नाही, आणि शक्यतो लावणारच नाही. आवाज माइकात शिरण्याआधीच थांबवायचा.

३० मार्च, पाडवा

सकाळी शोभायात्रा, ढोल आणि लेझीम. वाचन बंद. श्रीखंड-पुरी झाल्यावर दुपारी खोलीकडे वळले.

माळ्यावर पाच गोधड्या होत्या, आईच्या हातच्या, जुन्या नऊवाऱ्यांच्या. खोलीच्या कोपऱ्यात कपड्यांचं लाकडी कपाट आहे. त्याची दोन्ही दारं उघडी टाकली, आतले कपडे तसेच. दारावरून एकेक गोधडी सोडली, तिसरी मागे दोरीवर, चौथी टेबलावर अंथरली. पाचवी खिडकीला. टेबलावरची विसरू नका. तोंडातून निघालेला आवाज टेबलावर आपटून वर माइकात शिरतो, तो फार जवळून येतो आणि शब्द पोकळ करतो.

कोपऱ्यात उभं राहून टाळी वाजवली. आधी टाळीमागून ‘टण्ण’ असं काहीतरी यायचं. आता नुसती ‘टप्’. खर्च शून्य. आजवरच्या सगळ्या खरेदीने एवढा फरक पडला नव्हता.

५ एप्रिल

त्याच यूएसबी कंडेन्सरवर, गोधड्यांच्या कोपऱ्यात, तीन अंतरांवर तेच पान वाचलं: हातभर, वीतभर आणि चार बोटं. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, मागची लोकल आहे तेवढीच राहते. म्हणजे माइकाचा आवाज खाली आणता येतो आणि लोकलही त्यासोबत खाली जाते. हातभरावर १५ आकडे कळले, वीतभरावर १८. चार बोटांवर १७, कारण तिथे ‘फ’, ‘भ’, ‘ध’ यांचे धबधब फटके बसायला लागले आणि शेजारचे शब्द त्यांत बुडाले.

तरी कुकर आहेच. सासूबाई शिट्ट्या बंद करून वाफेवर शिजवायला तयार झाल्या, पण ७८ वर्षांच्या बाईने माझ्या माइकसाठी रोजचा स्वयंपाक बदलावा हे मला पटलं नाही.

९ एप्रिल

आमच्या सोसायटीच्या गणपती मंडळाच्या कपाटात अहुजाचा हातात धरायचा माइक आहे, आरतीला वापरतो तो. अध्यक्षकाकांकडून मागून आणला. हा डायनॅमिक माइक. याला वीज लागत नाही, आवाजाने पडदा हलतो, त्यासोबत चुंबकाजवळची गुंडाळी हलते आणि तिथेच वीज तयार होते. पण ती वीज फार थोडी. त्याच्या जाड पी-३८ पिनला ईपीचा कन्व्हर्टर लावून लॅपटॉपला जोडला तर आवाज अगदी पुसट, वर घूंऽऽ अशी संथ गुणगुण. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला, गुणगुण गेली. (चार्जरची पिन दोन टोकांची, अर्थिंग नाही. ५० हर्ट्झची ती घूं तिथूनच येत होती.)

आवाज पुसटच राहिला. माइकचा यात दोष नाही, तो अँप्लिफायरसाठी बनवलेला आहे. पण एक गोष्ट कान टवकारायला लावणारी होती. वाचताना लोकल गेली, ती पुसटशीही जवळपास आली नाही.

१२ एप्रिल

खालच्या मजल्यावर ऑर्केस्ट्रात गाणारे एक काका राहतात. त्यांचा शुअर एसएम५८ आणि छोटा इंटरफेस दोन तासांसाठी मिळाला. हा माइक १९६६ पासून बनतोय आणि अजूनही स्टेजवर सगळ्यांच्या हातात तोच दिसतो. काका म्हणाले, “ओठ टेकवून गायचं याच्यावर, लाजायचं नाही.”

चार बोटांवर धरून वाचलं. स्वयंपाकघरात शिट्टी झाली. नंतर फाइलमध्ये ती शिट्टी शोधावी लागली. २० पैकी १९, आणि तो म्हणाला, “मावशी, मागचं घर गेलं!”

इंटरफेसचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवावं लागलं. डायनॅमिक माइकला हे लागतंच. स्वस्त इंटरफेस शेवटच्या टोकाला सूं करायला लागतो, म्हणून एसएम५८ घेणाऱ्याने इंटरफेसही बरा घ्यावा. दोन्ही मिळून माझ्या ठरवलेल्या पैशांच्या दुपटीवर जात होतं. पण दिशा मिळाली: डायनॅमिक, एका बाजूने ऐकणारा, आणि लॅपटॉपला थेट लागणारा.

१९ एप्रिल

यूएसबी कंडेन्सर गाणं शिकणाऱ्या एका मुलीला १,९०० रुपयांना विकला. तिचं घर शांत सोसायटीत, आतल्या बाजूला आहे, तिच्याकडे तो उत्तम चालेल.

फिफाइनचा एएम८ घेतला, ४,९०० रुपये. डायनॅमिक आहे, यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला जोडायची तीन पिनांची वायर) दोन्ही लागतं, म्हणजे उद्या इंटरफेस घेतला तरी हाच माइक चालेल. हेडफोन थेट माइकातच लावता येतात. वर बोट टेकवलं की आवाज बंद होतो, खोकला आला की उपयोगी पडतं. रंगीत दिवे आहेत, ते मी बंद ठेवते. टेबलाला अडकवायचा हात (आर्म) वेगळा घेतला, ९५०. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्टँड याच्या वजनाने कलंडत होता.

चाचणीचं पान: २० पैकी १९. एसएम५८ इतकेच. माझ्या कानाला एसएम५८ चा आवाज जास्त गोड वाटतो आणि गाणाऱ्याने तोच घ्यावा. पण इथे परीक्षक मी नाही.

२४ एप्रिल

दोन तक्रारी आल्या.

पहिली, “खाली घुमतंय.” माइक तोंडाजवळ आणला की खर्ज फुगतो, हा एका बाजूने ऐकणाऱ्या माइकांचा स्वभाव. लोक याच घुमण्याला भारदस्त म्हणतात. गाडीच्या आवाजात तो खर्ज गाडीतच मिसळतो आणि वरची अक्षरं झाकतो. ऑडॅसिटीत हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचा खर्ज कापणारा) १०० हर्ट्झला लावला. बाईच्या आवाजाचा पाया साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. पुरुषाच्या आवाजाला ८० च्या वर जाऊ नका.

दुसरी, ‘फ’ आणि ‘भ’. ‘भांडवल’, ‘भाव’, ‘नफा’, ‘फायदा’. अर्थशास्त्राचं पुस्तक या अक्षरांनीच भरलंय. सोबत आलेल्या स्पंजच्या टोपीने इंग्रजीतला ‘प’ थांबत असेल, आपला ‘भ’ थांबत नाही. भरतकामाची लाकडी रिंग घेतली, त्यात नायलॉनच्या जाळीचे दोन पदर ताणून बसवले, दोन्ही मिळून ९० रुपये. रिंग माइकपासून दोन बोटं पुढे. शिवाय माइक तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्याशी आणला, तिरका, माइकचं तोंड माझ्याकडेच. तोंडासमोर तळहात धरून ‘भांडवल’ म्हणा, वारा कुठे लागतो ते कळतं. माइक त्या वाऱ्याच्या वाटेत नको, बाजूला हवा.

११ मे

आता गाडी रुळावर आहे. सहा प्रकरणं झाली.

पंखा बंद करून मे महिन्यात, गोधड्यांच्या कोपऱ्यात, एका बैठकीत २० मिनिटांच्या वर वाचता येत नाही. घामाने कागद भिजतो. २० मिनिटं वाचायचं, १० मिनिटं पंख्याखाली. तासाभराच्या तयार फाइलला वाचन, चुका काढणं आणि पुन्हा ऐकणं धरून पावणेतीन तास जातात. चूक झाली की मी थांबत नाही, जोरात एक टाळी वाजवते आणि वाक्य पहिल्यापासून घेते. नंतर पडद्यावर टाळीची उंच रेघ लांबून दिसते, शोधत बसावं लागत नाही.

आवाजाचं शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे. शेवटी सगळी प्रकरणं उणे १९ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणते, म्हणजे त्याला प्रकरण बदललं की आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. मोनो, कारण एकच कान. एमपी३, ६४ केबीपीएस. तासाला साधारण २९ एमबी होतात, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते.

हिशेब, कुणाला उपयोगी पडेल म्हणून: कन्व्हर्टर १५० आणि ५५०, बोया ८५०, सोनेरी कंडेन्सर १,३००, यूएसबी कंडेन्सर २,८००, एएम८ ४,९००, आर्म ९५०, रिंग आणि जाळी ९०. एकूण ११,५९०. विक्रीचे १,९०० आले. निव्वळ ९,६९०. पहिल्याच दिवशी एएम८, आर्म आणि रिंग घेतली असती तर ५,९४० मध्ये भागलं असतं. बोया मात्र ठेवला आहे. गावी गेले की बॅगेत तोच असतो.

२५ मे

सातवं प्रकरण काल पाठवलं. आज सकाळी साडेआठला त्याचा फोन, मागे गाडीची घोषणा चालू होती.

“मावशी, तक्ता क्रमांक तीन. शेतीचा वाटा तुम्ही पंधरा वाचलात.”

“हो, मग? नीट ऐकू आलं नाही का?”

“पंधरा अगदी स्वच्छ ऐकू आलं. पण मी बेरीज केली, शंभर होत नाहीत. नव्वदच होतात.”

पुस्तक उघडलं. पंचवीस छापलंय. मी पंधरा वाचलं होतं. त्याला म्हटलं, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवते. आता यापुढे तक्ता वाचला की फाइल बंद करण्याआधी बेरीज मी करणार. कपाटाची दारं उघडली आहेत, पंखा बंद केला आहे. तक्ता तीन, पान २०६, पुन्हा.